हिवाळा साठविणारे क्लॅरेन्स बर्ड्सआय

पौष महिना लागला की बागलीच्या बाजारात बटल्याच्या शेंगांचे ढीग दिसू लागतात. बटला म्हणजे मटार. माळव्यातील मराठी घरांत हाच शब्द रूढ आहे, आणि आम्ही मूळचे कोकणीभाषक असूनही आता तो आमच्या तोंडी बसला आहे. त्याच सुमारास बालोरही, म्हणजे वालपापडीही, भरपूर येते. पुढे ऊन चढू लागले की ही हिरवाई बाजारातून हळूहळू नाहीशी होते आणि गृहिणींना वर्षभर पुरेल अशा साठवणीची आठवण होते.

आम्ही येथे आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात स्वस्ताई पाहून पाच किलो बटला घेतला. सारे घर दोन रात्री शेंगा सोलीत बसले होते. ते दाणे धुऊन, पिशवीत भरून, आम्ही शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले आणि मोठी दूरदृष्टी दाखविल्याच्या समाधानात राहिलो. वैशाखात पाहुणे आले. पिशवी उघडली तो दाण्यांचा रंग मळकट झालेला, वास वाळक्या गवतासारखा आणि शिजवूनही चामट. तो बटला शेवटी गाईपुढे गेला. आमचे काय चुकले याचा शोध घेता घेता एका अमेरिकन गृहस्थांच्या चरित्रापर्यंत आम्ही येऊन पोहोचलो. तेच चरित्र, विद्यार्थी मित्रहो, आज तुम्हांला सांगावयाचे आहे.

क्लॅरेन्स बर्ड्सआय यांचा जन्म ९ डिसेंबर १८८६ रोजी न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात झाला. त्यांच्या आडनावाचा अर्थ पक्ष्याचा डोळा असा होतो, आणि ते त्यांना शोभलेही. नऊ भावंडांच्या त्या कुटुंबात क्लॅरेन्सला लहानपणापासून रानावनाचे वेड. मेलेल्या प्राण्यांच्या कातड्यात भुसा भरून ते जिवंत वाटावेत असे मांडण्याची कला त्याने अगदी कोवळ्या वयात आत्मसात केली. पुढे कुटुंब न्यू जर्सी राज्यातील माँटक्लेअर येथे गेले. तेथील शाळेत या मुलाने पाककलेचा वर्ग घेतला. त्या काळी मुलाने स्वयंपाक शिकणे ही हसण्याची बाब असावी; आमच्या वर्गांतही ती अद्याप तशीच मानली जाते. परंतु अन्नाकडे बारकाईने पाहण्याची दृष्टी त्याला मिळाली ती बहुधा तेथूनच, असे आम्हांस वाटते.

अ‍ॅमहर्स्ट महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला खरा, पण पैशाची ओढाताण पाठीशी होतीच. फीसाठी त्यांनी बेडूक पकडून प्राणिसंग्रहालयाला विकले आणि उंदीर पकडून संशोधकांना. एवढे करूनही पदवी हाती आली नाही. शिक्षण अर्धवट सोडावे लागले. नंतर सरकारच्या जीवशास्त्रविषयक खात्यात नोकरी धरून ते पश्चिमेकडील रानांत हिंडले. माँटाना राज्यात गोचिडांपासून होणाऱ्या एका प्राणघातक ज्वराच्या तपासातही त्यांनी भाग घेतला. या कामात जिवाला धोका होता.

१९१२ मध्ये ते कॅनडाच्या ईशान्य टोकाकडील लॅब्रॅडोर या बर्फाळ प्रदेशात गेले. तेथील कोळ्यांची वैद्यकीय सेवा करणारे डॉ. विल्फ्रेड ग्रेनफेल यांच्या जहाजावर त्यांनी काही काळ काम केले आणि मग कोल्ह्यांच्या लोकरी कातड्यांचा व्यापार आरंभिला. १९१५ मध्ये एलिनॉर गॅरेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला, आणि लवकरच पत्नी व तान्हे मूल यांच्यासह ते पुन्हा त्या हिमप्रदेशात राहू लागले. जवळ दुकान नाही, भाजीपाला नाही आणि घरात तान्हे मूल. ताजे अन्न कोठून आणावे हा प्रश्न त्यांच्यापुढे रोजचा होता.

त्या प्रश्नाचे उत्तर त्यांना मिळाले ते तेथील मूळच्या इन्युइट लोकांकडून. हे लोक गोठलेल्या पाण्याला भोक पाडून मासे धरीत. हवेचे तापमान उणे ४० अंशांच्या आसपास. (उणे ४० हा अंक सेल्सियस व फॅरनहाइट या दोन्ही मापांत एकच येतो, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी गणित करून पाहावे.) पाण्याबाहेर काढलेला मासा वाऱ्यात पाहता पाहता दगडासारखा कडक होई. महिन्यांनी तो वितळवून शिजविला तरी चव ताज्या माशाची. बर्ड्सआय यांनी आणखी एक गोष्ट टिपली. कडाक्याच्या थंडीत झटकन गोठलेले मांस चांगले राही, पण वसंताच्या सुमारास, थंडी सौम्य असताना सावकाश गोठलेल्या मांसाला तशी चव नसे. कोबी मिळाला की पिंपात घालून त्यावर समुद्राचे पाणी ओतावे आणि ते थंडीत गोठू द्यावे, असे प्रयोगही त्यांनी केले. त्या घरात हिवाळाभर भाजी आली ती अशी.

असे का घडते, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. वनस्पती असो की मांस, त्यांच्या पेशींत बहुतांश पाणीच असते. पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. गोठण्याची क्रिया सावकाश झाली तर बर्फाचे स्फटिक मोठमोठे वाढतात आणि पेशींच्या भिंती फोडतात. मग वितळताना आतला रस वाहून जातो व पदार्थ लिबलिबीत होतो. हीच क्रिया त्वरेने उरकली तर स्फटिक इतके बारीक राहतात की भिंतींना फारशी इजा पोहोचत नाही. पाहावयाचे असेल तर एक टोमॅटो बर्फाच्या कप्प्यात रात्रभर ठेवून सकाळी वितळू द्यावा. तो कसा गळून जातो ते दिसेल.

बर्फात अन्न टिकते हे जगाला पूर्वीपासून ठाऊक होते. आपल्या मुंबईसदेखील १८३४ च्या सुमारास अमेरिकेतील तळ्यांचा बर्फ जहाजांतून येऊ लागला होता. गोठविलेले मांस-मासेही बाजारात विकत असत, पण ते सावकाश गोठविलेले, आणि पुष्कळदा जे ताजे खपले नाही तेच. म्हणून गोठविलेला माल म्हटला की लोक नाक मुरडीत. बर्ड्सआय यांना शोधावयाचे होते ते लॅब्रॅडोरच्या वाऱ्याचे काम करणारे यंत्र.

१९१७ मध्ये ते अमेरिकेस परतले. काही वर्षांनी एक पंखा, मीठ आणि बर्फाच्या लाद्या एवढ्याच सामग्रीवर त्यांनी प्रयोग सुरू केले. या सामानाला अवघे ७ डॉलर लागले असे सांगतात. १९२३ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये गोठविलेल्या माशांची कंपनी काढली, आणि वर्षभरात तिचे दिवाळे निघाले. माल चांगला होता, परंतु घेणारा नव्हता. पदरी पत्नी, मुले आणि कर्ज. आयुष्याचा विमा होता, तोही त्यांनी पैशासाठी मोडला. येथे आमच्या मनात नेहमी त्यांच्या पत्नीचा विचार येतो. तान्हे मूल घेऊन हिमप्रदेशात गेलेल्या त्या बाईंनी हेही दिवस काढले. चरित्रकार त्यांच्याविषयी फार थोडे लिहितात.

१९२४ मध्ये काही भागीदार मिळाले आणि मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्लॉस्टर या मासेमारीच्या बंदरात नवी कंपनी उभी राहिली. तेथे त्यांचे यंत्र सिद्ध झाले. पदार्थ आधी लहान, चपट्या खोक्यांत भरावयाचा आणि ती खोकी खारट द्रवाने अतिशीत केलेल्या धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबून धरावयाची. दोन्ही बाजूंनी थंडी एकदम आत शिरते आणि सारा जिन्नस थोड्या वेळात गोठतो. पुढे पट्ट्यांच्या जागी पोकळ तबकड्या आल्या. कल्पना ऐकावयास सोपी आहे. तिच्यापायी माणूस एकदा भिकेस लागला होता, हे मात्र विसरता येत नाही.

१९२९ मध्ये पोस्टम कंपनी व तिच्या साथीदारांनी हा व्यवसाय आणि त्याचे हक्क २ कोटी २० लक्ष डॉलरांना विकत घेतले. पोस्टमचे नाव पुढे जनरल फूड्स झाले. नव्या मालकांनी मालावर छापले ते बर्ड्सआय यांचेच आडनाव, पण दोन शब्दांत तोडून. ६ मार्च १९३० रोजी स्प्रिंगफील्ड शहरातील १८ दुकानांत हा माल प्रथम विक्रीस मांडला गेला. त्यात मासे व मांस होतेच. शिवाय पालक होता, फळे होती आणि आपला बटलाही होता.

भाज्यांची एक अडचण मात्र केवळ त्वरेने सुटली नव्हती, आणि आमच्या पाच किलोंचे दुखणे नेमके तेच होते. शेंग तोडली तरी तिच्यातील विकरे, म्हणजे पिकणे-सुकणे घडविणारी द्रव्ये, काम करीतच राहतात. गारव्याने त्यांचा वेग मंदावतो, पण ती थांबत नाहीत, आणि महिनोन्‌महिने गेले की रंग, वास व चव बिघडते. १९३० च्या आसपास अमेरिकन शास्त्रज्ञांनी यावर उपाय निश्चित केला. भाजी गोठविण्यापूर्वी उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवावयाची, की विकरे निकामी होतात.

घरी करावयाचे तेही तेवढेच. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळ उकळावे. त्यात बटला दीड ते दोन मिनिटे, फरसबीचे तुकडे तीन मिनिटे ठेवावेत. लगेच बर्फाच्या पाण्यात टाकावेत, नाहीतर ते आतल्या उष्णतेने शिजत राहतात. मग कापडावर पूर्ण कोरडे करून, ताटात पातळ पसरून गोठवावेत आणि त्यानंतर पिशवीत भरून हवा काढून टाकावी. पातळ पसरणे हे आपल्या घरचे बर्ड्सआय यांचे यंत्रच समजा. कप्पा उणे १८ अंशांवर राहिला तर माल आठ-दहा महिने चांगला राहतो. साध्या शीतकपाटाचा लहान कप्पा तितका गार नसतो, आणि वीज फार वेळ गेली तर साराच खेळ बिघडतो; म्हणून आमच्या घरी होळीपर्यंत पुरेल इतकाच बटला आता ठेवतात. गोठविल्याने जंतू मरत नाहीत, केवळ निजतात. तेव्हा वितळलेला माल लगेच शिजवावा, पुन्हा गोठवू नये.

दुसऱ्या महायुद्धात जपानने मलाया घेतल्यावर कथिलाची टंचाई झाली आणि डब्यांतील अन्नाऐवजी कागदी खोक्यांतील गोठविलेल्या अन्नाला अमेरिकेत मागणी आली. बर्ड्सआय तोवर श्रीमंत झाले होते, पण स्वस्थ बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. त्यांनी दिव्यांची सुधारणा केली, आणि अन्न लवकर वाळविण्याची पद्धत शोधली. ही शेवटची गोष्ट वाचून आम्हांस मौज वाटली. आमच्या आई किनाऱ्यावरच्या घरी अळसांदे, म्हणजे चवळी, आणि वाल उन्हात कडकडीत वाळवून, राख लावून मडक्यात भरीत. पाणी काढून घेतले की जंतूंचे काही चालत नाही, हे त्यांना कोणी शिकविले नव्हते. बर्फाचा जाणकार अखेरीस त्याच वाटेस लागला.

त्यांना सुमारे ३०० हक्कपत्रे मिळाली असे म्हणतात. उसाच्या चिपाडापासून कागद करण्याच्या खटपटीसाठी उतारवयात ते दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात जाऊन राहिले. तेथून ते परतले तेव्हा हृदय दुर्बल झाले होते. ७ ऑक्टोबर १९५६ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा ग्लॉस्टरजवळच्या समुद्रात सोडण्यात आली.