पाण्याचे पहारेकरी : डॉ. रॉबर्ट कॉख

पाणी दिसायला नितळ असले म्हणजे ते पिण्यास योग्य असतेच असे नाही. ही गोष्ट जगाला पुराव्यानिशी पटवून देणाऱ्यांत डॉ. रॉबर्ट कॉख यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

त्यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील क्लाउस्टाल या खाणींच्या गावी झाला. पाचव्या वर्षीच वर्तमानपत्रे पाहून ते आपले आपण वाचायला शिकले. पुढे डॉक्टर होऊन एका लहान गावात सरकारी नोकरी करीत असताना, पत्नीने भेट दिलेल्या सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने त्यांनी घरातच संशोधन आरंभले. १८८२ साली त्यांनी क्षयाचा जंतू शोधून काढला.

१८८४ साली ते कलकत्त्यात होते. पटकीच्या रोग्यांत आढळणारा जंतू त्यांना तेथील एका तलावाच्या पाण्यातही सापडला. त्याच तलावात लोक अंघोळ करीत, कपडे धूत आणि त्याचेच पाणी पीत.

१८९२ साली हॅम्बुर्ग शहरात पटकीने आठ हजारांहून अधिक माणसे दगावली. तेथे एल्ब नदीचे पाणी न गाळताच नळाला सोडले जाई. शेजारचे आल्टोना शहर तर हॅम्बुर्गची घाण मिसळलेले त्याच नदीचे पाणी घेत होते. पण ते वाळूच्या थरांतून गाळून घेत असल्याने पुष्कळसे बचावले.

मात्र गाळणीही बिघडू शकते. १८९३ च्या आरंभी, कडक थंडीत बर्फामुळे आल्टोनाच्या गाळणीत दोष निर्माण झाला आणि तेथेही पटकी आली. म्हणून कॉख यांनी आग्रह धरला की प्रत्येक गाळणीचे पाणी रोज तपासावे. मोजून घेतलेले पाणी जिलेटिनमध्ये मिसळून काचेवर पसरले की एकेका जंतूपासून डोळ्यांना दिसणारा ठिपका तयार होतो. ते ठिपके मोजायचे. एक घन सेंटीमीटर पाण्यात शंभराहून अधिक जंतू आढळल्यास ते पाणी लोकांना देऊ नये, असे त्यांनी सुचविले. रोगी दवाखान्यात येईपर्यंत वाट न पाहता धोका आधीच ओळखण्याचा हा मार्ग होता.

१९०५ साली क्षयावरील संशोधनाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २७ मे १९१० रोजी त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रांनो, तपासणीच्या पद्धती आज बदलल्या आहेत. पण नियमितपणे तपासण्याची शिस्त तीच आहे. आपल्या वस्तीतील व शाळेतील पाण्याची तपासणी केव्हा झाली, हे विचारण्याची सवय पालकांनी व आपण अवश्य लावून घ्यावी.