कॅम नदीवरचे वल्हे आणि पुण्याची अनवाणी शर्यत

सर दोराबजी टाटा यांचे नाव घेतले की पोलाद आठवते, जमशेदपूर आठवते, मुंबईचे कर्करोग रुग्णालय आठवते. ते उत्तम वल्हेकरी होते, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते. त्यांच्या चरित्रांतही ही गोष्ट एखाद्या ओळीतच उरकलेली असते. तरीही त्यांच्या पुढच्या आयुष्यातील एका मोठ्या कार्याची मुळे त्या ओळीत शोधावी लागतात, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

जमशेटजी आणि हिराबाई यांचे हे ज्येष्ठ पुत्र 27 ऑगस्ट 1859 रोजी मुंबईत जन्मले. वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांना इंग्लंडला शिक्षणासाठी धाडण्यात आले आणि 1877 मध्ये ते केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांचे वास्तव्य दोनच वर्षांचे. पण त्या अवधीत त्यांनी क्रिकेट आणि फुटबॉलमध्ये महाविद्यालयाचे मानचिन्ह मिळवले, टेनिस खेळले, कमी अंतराच्या धावण्याच्या शर्यती जिंकल्या, घोडेस्वारीत प्रावीण्य मिळवले आणि नौका वल्हवली. कॅम ही अरुंद नदी. तिच्यावर दोन नौका शेजारी-शेजारी धावू शकत नाहीत, म्हणून त्या एकामागोमाग सोडतात आणि मागच्या नौकेने पुढचीला गाठून धक्का द्यायचा असतो. आठ जणांनी एका तालात वल्हे मारावे लागते. त्यात एकट्याचे कौतुक कोणाचेच होत नाही, आणि जिंकूनही हाती पैसा पडत नाही.

त्या काळच्या नौकानयनाला आणखी एक बाजू होती, आणि ती तितकीशी उजळ नव्हती. 1879 मध्ये, म्हणजे दोराबजींनी केंब्रिज सोडले त्याच वर्षी, टेम्स नदीवरील हेन्ली येथील प्रसिद्ध शर्यतींच्या कारभाऱ्यांनी हौशी वल्हेकऱ्याची व्याख्या ठरवली. पैशासाठी वल्हवणारा तर तीतून वगळला गेलाच. पण कारागीर, मजूर, हातांनी कष्ट करून पोट भरणारा कोणीही हौशी मानला जाणार नाही, असेही ठरले. ज्याचे हात आधीच कामाने घट्टे पडलेले आहेत त्याने सज्जनांच्या शर्यतीत उतरू नये, असा त्याचा सरळ अर्थ. आमच्या मांडवी-जुवारीवर पिढ्यान्पिढ्या होडी हाकणारा नावाडी हेन्लीच्या काठावर नुसता प्रेक्षक ठरला असता.

मुंबईला परतल्यावर दोराबजींनी सेंट झेवियर महाविद्यालयातून 1882 मध्ये पदवी घेतली, दोन वर्षे बॉम्बे गॅझेट या पत्रात पत्रकारिता केली आणि मग वडिलांच्या कापूस व्यवसायात प्रवेश केला. पाँडिचेरी, नागपूरची एम्प्रेस मिल, लोहखनिजाचा शोध, 1904 मध्ये वडिलांचे निधन, 1907 मध्ये पोलाद कंपनीची स्थापना, 1910 मध्ये सर ही पदवी: हा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. म्हैसूर संस्थानचे शिक्षणाधिकारी डॉ. होरमसजी भाभा यांच्या कन्या मेहेरबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मेहेरबाई साडी नेसून टेनिस खेळत आणि स्पर्धा जिंकत. खेळाचे वेड त्या घरात एकट्या यजमानाचे नव्हते.

उद्योगाच्या रगाड्यातही दोराबजींनी मुंबईच्या शाळांमध्ये क्रिकेट आणि मैदानी खेळांच्या संघटना उभारण्यास हातभार लावला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्यांना अध्यक्ष केले, ते याच लौकिकामुळे. 1919 च्या तेथील वार्षिक क्रीडामेळाव्यात त्यांनी लांब पल्ल्याची शर्यत पाहिली. धावणारे बहुतेक शेतकरी कुटुंबांतील. पायांत काही नाही, शास्त्रशुद्ध तालीम नाही, आणि तरीही त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या वेळांशी ताडून पाहण्याजोग्या. केंब्रिजमध्ये घडलेल्या नजरेला ते चटकन उमगले. मेळाव्याला मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड उपस्थित होते. पुढच्या वर्षी अँटवर्पला ऑलिंपिक भरणार आहे, तेथे हिंदुस्थानचा संघ का जाऊ नये, असा प्रश्न दोराबजींनी त्यांच्यापुढे ठेवला. ब्रिटिश ऑलिंपिक समितीची अनुमती मिळाली आणि खर्चाच्या मोठ्या भागाची तजवीज दोराबजींनी केली.

1920 च्या त्या संघात बंगालचे पूर्मा बॅनर्जी होते. फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि कायकाडी हे धावपटू होते. रणधीर शिंदे आणि कुमार नवले हे मल्ल होते. चौगुले बेळगावचे. मॅरेथॉनमध्ये ते 2 तास 50 मिनिटांत एकोणिसावे आले. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. शिंदे कुस्तीत चौथे आले, म्हणजे पदक एका लढतीने हुकले. हे सारे विस्मरणात गेले आणि 1952 मध्ये खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत कांस्यपदक जिंकेपर्यंत शिंद्यांचे नाव घेण्याचे कोणाला कारण पडले नाही.

गुलबर्गा आणि बीदर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. भीमेकाठी अनवाणी धावणारा कोणी असलाच, तरी पुण्याच्या त्या मैदानापर्यंतची वाट त्याच्यासाठी नव्हती. पहिल्या संघातले एक बॅनर्जी सोडले तर बाकी सारे मुंबई इलाख्यातले होते. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हैदराबादचे सय्यद महंमद हादी टेनिस खेळले खरे, पण ते केंब्रिजमार्गे. बेळगावला जे लाभले ते गुलबर्ग्याला लाभले नाही, याचे कारण पायांतील बळ नव्हे, नकाशावरची रेघ होती.

अँटवर्पच्या त्याच ऑलिंपिकमध्ये आणखी एक प्रसंग घडला. फिलाडेल्फियाचा जॅक केली विटांचे बांधकाम करणारा गवंडी होता. त्या उन्हाळ्यात हेन्लीने त्याचा प्रवेश नाकारला होता. त्याच्या क्लबाविषयी जुना वाद होता आणि हाताने कष्ट करणाऱ्यांना मज्जाव करणारा नियमही जागेवर होता. केलीने ऑलिंपिकमध्ये इंग्लंडच्या बेरेसफोर्डला मागे टाकून एकेरी नौकेचे सुवर्ण जिंकले आणि त्याच दिवशी दुहेरीचेही. हेन्लीचा तो नियम 1937 मध्ये गेला. सज्जनांच्या नौकेत वल्हे धरायला शिकलेल्या दोराबजींनी मात्र त्याआधी सतरा वर्षे, ज्यांच्यासाठी तो नियम लिहिला गेला होता अशाच माणसांना जहाजात बसवून युरोपला पाठवले होते.

पण त्यांनी वल्हेकरी पाठवला नाही. 1920, 1924, 1928: एकाही वेळी हिंदुस्थानची नौका नव्हती. दोष त्यांना देता येणार नाही. धावायला रस्ता पुरतो. शर्यतीची नौका महाग, नाजूक, तिला दोन हजार मीटर शांत, सरळ पाणी लागते. पुण्यात 1868 पासून बोट क्लब होता, पण तो साहेबांचा. 1928 पासून पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाने मुळा-मुठेवर नौकास्पर्धा भरवायला आरंभ केला आणि विद्यार्थ्यांनीच तो वारसा सांभाळला.

1924 च्या सुमारास पोलाद कंपनी बुडण्याच्या बेतात आली, तेव्हा दोराबजींनी सुमारे एक कोटी रुपयांची वैयक्तिक मालमत्ता गहाण ठेवली. त्यात मेहेरबाईंचे दागिनेही होते. कामगारांचे वेतन त्यातून निघाले. त्याच वर्षी पॅरिसला दुसरा संघ गेला, आणि 1927 मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेचे ते पहिले अध्यक्ष झाले. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने एकाच काळात केल्या, हे आजच्या क्रीडा-प्रशासकांनी शांतपणे वाचावे.

1931 मध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पुढच्या मार्चमध्ये दोराबजींनी आपली जवळजवळ सर्व संपत्ती विश्वस्त निधीला दिली आणि एप्रिलमध्ये युरोपचा प्रवास धरला. 3 जून 1932 रोजी जर्मनीत बाड किसिंगेन येथे त्यांचे निधन झाले. इंग्लंडमधील ब्रुकवूडच्या दफनभूमीत पत्नीशेजारी त्यांना विसावा मिळाला. भारताची नौका ऑलिंपिकच्या पाण्यात उतरायला 2000 साल उजाडले. 2016 मध्ये रिओत नाशिक जिल्ह्याचा दत्तू भोकनळ तेरावा आला. घरच्या गरिबीत त्याने विहिरी खणण्याचे काम केले होते. हेन्लीच्या 1879 च्या व्याख्येत तो बसला नसता.