पदवीसाठी तीस वर्षे!

आम्ही वकील मंडळी कॉर्नेलिया सोराबजींना विसरलो आहोत. १८६६ साली नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर झाल्या. गुणांवर मिळणारी विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मात्र बाई म्हणून नाकारली गेली. हितचिंतकांच्या वर्गणीतून त्या १८८९ मध्ये ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ मध्ये तिथे कायद्याची बी.सी.एल. परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या महिला. विद्यापीठाने परीक्षा घेतली, पदवी दिली नाही! स्त्रियांना पदव्या १९२० पासून मिळू लागल्या; कॉर्नेलियांना ती १९२२ मध्ये मिळाली. गुणवत्ता तीच होती, नियम आडवा होता. म्हणून आमचे म्हणणे एवढेच की, गुणवत्तेचे तुणतुणे वाजवणाऱ्यांनी नियम कोणी केले, तेही सांगावे!