डॉ. शांतिस्वरूप भटनागर : पुरस्कारामागचे जीवन

भारत सरकारकडून वैज्ञानिकांना दिल्या जाणाऱ्या सन्मानांमध्ये भटनागर पुरस्काराचे नाव दीर्घकाळ अग्रभागी राहिले आहे. पुरस्कार सर्वांना ठाऊक असतो. ज्यांच्या नावाने तो दिला जातो त्यांचे जीवन मात्र फारसे कोणी वाचत नाही.

शांतिस्वरूपांचा जन्म 21 फेब्रुवारी 1894 रोजी पंजाबातील भेरा या गावी झाला. हे गाव आज पाकिस्तानात आहे. मूल अवघे आठ महिन्यांचे असताना पितृछत्र हरपले आणि त्यांचे बालपण उत्तर प्रदेशातील सिकंदराबाद येथे आजोळी गेले. आजोबा अभियंता होते. त्यांच्या सहवासात मुलाला यंत्रांची आणि हातांनी काही घडविण्याची गोडी लागली. पुढे वडिलांच्या एका स्नेह्याने, जे लाहोरच्या शाळेत मुख्याध्यापक होते, त्यांना शिक्षणासाठी तेथे नेले. आपल्या वसतिगृहातून बाहेर पडलेल्या अनेकांना या वळणाचे मोल वेगळे सांगावयास नको.

लाहोरच्या दयालसिंग ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेस निघाले. परंतु पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते आणि जहाजांतील जागा मायदेशी परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांसाठी राखून ठेवलेल्या होत्या. त्यामुळे ते लंडनमध्येच थांबले व युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक डोनन यांच्या हाताखाली संशोधन करू लागले. 1921 मध्ये त्यांना लंडन विद्यापीठाची डी. एस्‌सी. ही पदवी मिळाली. 1920 मध्ये पूज्य बाबासाहेबही शिक्षणासाठी लंडनला पोहोचले होते, आणि 1923 मध्ये त्याच विद्यापीठाने त्यांना अर्थशास्त्रातील डी. एस्‌सी. प्रदान केली, हे येथे सहज आठवते.

मायदेशी परतल्यावर भटनागर प्रथम बनारस हिंदू विद्यापीठात आणि 1924 पासून लाहोरच्या पंजाब विद्यापीठात अध्यापन करू लागले. उर्दू काव्यात रमणाऱ्या या रसायनशास्त्रज्ञाने बनारसच्या विद्यापीठाचे कुलगीतही लिहिले.

लाहोरच्या काळातील एक प्रसंग सविस्तर सांगण्याजोगा आहे. रावळपिंडीजवळ एक कंपनी खनिज तेलासाठी विहिरी खोदत होती. खोदकामात वापरला जाणारा चिखल जमिनीतील खाऱ्या पाण्याशी संयोग होताच घट्ट होई आणि काम ठप्प पडे. भटनागरांनी चिखलाकडे कलिल रसायनाच्या दृष्टीने पाहिले आणि त्यात भारतीय डिंक मिसळण्याचा उपाय सुचविला. डिंकामुळे चिखल क्षारांच्या संगतीतही प्रवाही राहू लागला. प्रसन्न झालेल्या कंपनीने संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती. भटनागरांनी त्यातील वैयक्तिक लाभ नाकारला आणि तो पैसा विद्यापीठाच्या हाती दिला. त्यातून पेट्रोलियम संशोधनाचा विभाग उभा राहिला व अनेक विद्यार्थ्यांना काम मिळाले. आपल्या परंपरेत यालाच दान म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारने त्यांना बोलावून घेतले. 26 सप्टेंबर 1942 रोजी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद स्थापन झाली आणि तिची धुरा त्यांच्याकडे आली. स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंच्या पाठबळावर राष्ट्रीय प्रयोगशाळांची मालिका उभी राहिली. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा 3 जानेवारी 1950 रोजी सुरू झाली, ती त्यांपैकीच एक. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांना ही पद्धत मुळीच रुचली नव्हती. सरकारी प्रयोगशाळांवर इतका खर्च झाल्याने विद्यापीठे दुबळी होतील, असे त्यांचे मत होते. विद्यापीठांची पुढील अवस्था पाहता ही टीका सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. तरीही नवस्वतंत्र, निर्धन देशात औषधे, खनिजे व इंधन यांवर स्वतःचे संशोधन उभे करण्यास वाट पाहत बसणे परवडणारे नव्हते, असे आम्हास वाटते.

1943 मध्ये ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, तर 1954 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. 1 जानेवारी 1955 रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

त्यांच्या स्मरणार्थ सुरू झालेला पुरस्कार 1958 मध्ये प्रथम भौतिकशास्त्रज्ञ के. एस. कृष्णन यांना देण्यात आला. 1961 मध्ये रसायनशास्त्रज्ञ असीमा चटर्जी या तो मिळविणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. पंचेचाळीस वर्षांपर्यंतच्या संशोधकांसाठी असलेला हा सन्मान आता राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत समाविष्ट झाला आहे आणि त्यातील तरुण वैज्ञानिकांच्या गटाला भटनागरांचेच नाव कायम ठेवण्यात आले आहे.