जुन्या मशीनवर नवी दुनिया उभी करणारा डेनिस

कॉम्प्युटर लॅबमध्ये काळी स्क्रीन उघडली की निम्म्या वर्गाला घाम फुटतो. आयकॉन नाहीत, माउसला काम नाही. नुसतं डॉलरचं चिन्ह आणि लुकलुकणारा कर्सर. या स्क्रीनमागचा भन्नाट माणूस म्हणजे डेनिस रिची.

जन्म ९ सप्टेंबर १९४१, अमेरिकेतला. वडील बेल लॅब्समध्ये शास्त्रज्ञ. डेनिस हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकला, मग गणिताकडे वळला. १९६८ मध्ये पीएचडीचा प्रबंध लिहून झाला, पण बाइंडिंग केलेली प्रत ग्रंथालयात जमाच केली नाही. पदवी राहिली ती राहिलीच! तोवर तोही बेल लॅब्समध्ये रुजू झाला होता.

१९६९ मध्ये बेल लॅब्सने 'मल्टिक्स' हा मोठा प्रकल्प सोडला. सहकारी केन थॉम्पसनने एक जुना, फारसा वापरात नसलेला पीडीपी-७ कॉम्प्युटर शोधला. त्याने सुरुवात केली, डेनिस सोबतीला आला आणि युनिक्स घडली. तिचा गाभा म्हणजे कर्नल आणि आपण टाइप केलेली कमांड समजून घेणारं वरचं कवच म्हणजे शेल. तेव्हा कमांड द्यायची ती खडखडत कागदावर छापणाऱ्या टेलिटाइपवर. त्यामुळे कमांड जितकी आखूड तितकं बरं. फाइलींची यादी हवी? 'एलएस'. कॉपी करायचीय? 'सीपी'.

बीसीएला आपण घोकतो ती 'सी' भाषा डेनिसचीच. १९७३ मध्ये युनिक्स 'सी'त नव्याने लिहिली गेली आणि एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर नेणं सोपं झालं. १९८३ मध्ये दोघांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

५ ऑक्टोबर २०११ ला स्टीव्ह जॉब्ज गेले, जग हळहळलं. आठवडाभरात, १२ ऑक्टोबरला डेनिस घरात मृतावस्थेत आढळला. वय ७०. त्याची बातमी मात्र फार थोड्यांपर्यंत पोचली. खरंतर आयफोनच्या आत युनिक्सचाच वारसा आहे आणि आपल्या अँड्रॉइडचा पाया असलेला लिनक्स कर्नल मुख्यतः 'सी'तच लिहिलाय.

बीड, परळी, अंबाजोगाईत कित्येक घरांत नवी विंडोज पेलत नाही म्हणून झाकून ठेवलेला पीसी असतो. भंगारात देऊ नका. एखादं हलकं लिनक्स टाका, टर्मिनल उघडा, 'एलएस' टाइप करा. फक्त 'आरएम' जपून वापरा. तिथं उडवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. युनिक्सचा जन्मही अशाच एका बाजूला पडलेल्या मशीनवर झाला होता.