जिम कॉर्बेट आणि खांद्याला न दुखवणारी रायफल

नैनितालच्या पोस्टमास्तरांच्या घरी २५ जुलै १८७५ रोजी जन्मलेले एडवर्ड जेम्स कॉर्बेट नरभक्षक वाघांचे शिकारी म्हणून जगाला परिचित आहेत. त्यांच्या धैर्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. मात्र त्यांच्या हातातील रायफल किती धक्का देत असे, याचा विचार क्वचितच होतो.

शाळकरी वयात, कॅडेट पथकात असताना कॉर्बेट यांची गाठ .४५० मार्टिनीशी पडली. जड शिशाची गोळी आणि भरपूर काळी दारू यांमुळे त्या बंदुकीचा दस्ता पोराच्या खांद्यावर निर्दयपणे आदळे. अशा धक्क्याची धास्ती बसली की चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात, खांदा आकसतो आणि नेम ढळतो. चुकलेली गोळी वाया जाते एवढेच. अर्धवट लागलेली गोळी मात्र घातक ठरते.

१९०७ साली कॉर्बेट यांनी चंपावतच्या वाघिणीला मारले, तेव्हा तिच्या नावावर ४३६ बळी नोंदलेले होते. तिच्या उजव्या बाजूचे सुळे जुन्या गोळीने तुटलेले आढळले. नैसर्गिक शिकार अशक्य झाल्यानेच ती माणसांकडे वळली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कुणा अज्ञात शिकाऱ्याच्या एका सदोष नेमाची किंमत कुमाऊँ आणि नेपाळच्या खेड्यांनी मोजली होती.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे नायब राज्यपाल सर जॉन हेवेट यांनी त्यांना .२७५ रिग्बी रायफल भेट दिली. हे काडतूस म्हणजेच जर्मन ७ × ५७ माउझर. त्याच्या शेजारच्या .३०३ किंवा .३०-०६ या काडतुसांशी तुलना केली, तर नळीच्या व्यासात एका मिलिमीटरहूनही कमी फरक आहे. खांद्याला मात्र तो स्पष्ट जाणवतो. .२७५ ची प्रचलित गोळी १४० ग्रेनची, म्हणजे सुमारे ९ ग्रॅमची. उरलेल्या दोघींच्या प्रचलित गोळ्या त्याहून जड. .३०-०६ मध्ये दारूही अधिक. गोळी आणि दारू यांचे वजन व वेग वाढला की धक्का वाढतो. रायफल जड असली की तो कमी होतो. दस्त्याचा आकार, खांद्याशी त्याची बैठक आणि आवाज यांवर तो किती बोचतो हे ठरते. म्हणून समान वजनाच्या रायफलींत .२७५ सौम्य वाटते.

१९२६ मध्ये रुद्रप्रयागच्या बिबट्याचा शेवट याच जातीच्या रायफलीने झाला. त्याचे बळी १२५ होते. १९३० मध्ये चौगढची वाघीण अवघ्या काही फुटांवर समोर आली, तेव्हा कॉर्बेट यांच्या डाव्या हातात रातव्याची अंडी होती. दस्ता खांद्याला न लावता त्यांनी .२७५ हळूहळू वळवली आणि एका उजव्या हाताने गोळी झाडली. दणकट धक्क्याच्या रायफलीने हे साधणे अतिशय कठीण होते.

पुढे त्यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा अधिक जवळ केला. १९४७ साली ते केनियाला गेले आणि १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे निवर्तले. जनावर जखमी होऊन निसटता कामा नये, ही त्यांची धारणा होती. त्यासाठी आपल्या खांद्याला पेलेल तेवढेच हत्यार उचलावे, हे त्यांच्या आयुष्यातून शिकता येते.