फुलराणीची वाणी आणि शिष्टांची भाषा

शुद्ध बोलणे म्हणजे काय, हा महाराष्ट्रातील जुना आणि न मिटलेला वाद आहे. व्याकरणकार, शिक्षक आणि संपादक यांनी त्यात वेळोवेळी आपापली बाजू हिरीरीने मांडली. परंतु हा वाद विद्वानांच्या बैठकीतून काढून नाट्यगृहातील सामान्य प्रेक्षकापर्यंत नेऊन पोचविला तो एका अभिनेत्रीने. भक्ती बर्वे यांच्या निधनाला आता दोन तपे उलटून गेली आहेत. रंगभूमीवरील एक गाजलेली भूमिका एवढ्याच नात्याने त्यांचे स्मरण होत राहिले, तर त्यांच्या कर्तृत्वाचा खरा अर्थ निसटून जाईल.

भक्ती बर्वे यांचा जन्म १० सप्टेंबर १९४८ रोजी सांगलीत झाला. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ज्या नगरीत मराठी नाटकाचा पाया घातला, तीच ही सांगली. मात्र त्यांची नाट्यदीक्षा झाली ती मुंबईत, सुधा करमरकर यांच्या लिटल थिएटरमध्ये. बालरंगभूमी ही नटाची सर्वांत कठोर शाळा होय. मोठी माणसे कंटाळली तरी सभ्यपणे बसून राहतात. मुले तसे करीत नाहीत. शब्द स्पष्ट हवा, तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला हवा, आणि त्यात खोटेपणा असता कामा नये, हे धडे तेथे लहान वयातच गिरवावे लागतात. भक्ती बर्वे यांच्या वाणीची जडणघडण या धड्यांवर झाली.

पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर निवेदिका म्हणून आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेल्या मुंबई दूरदर्शनवर वृत्तनिवेदिका म्हणून त्यांनी काम केले. बातमी वाचणे हे एका परीने अभिनयाच्या उलट काम आहे. नट स्वतःला प्रकट करतो, निवेदकाला स्वतःला पुसून टाकावे लागते. त्याच्या उच्चारावरून त्याचा जिल्हा ओळखता येऊ नये, जात ओळखता येऊ नये, मनातील रागलोभही कळू नयेत, अशी अपेक्षा असते. नभोवाणी आणि दूरदर्शन या दोन माध्यमांनी मराठी घराघरात जी प्रमाण भाषा नेली, तिच्या अधिकृत आवाजांपैकी एक आवाज भक्ती बर्वे यांचा होता.

आणि याच आवाजाच्या वाट्याला १९७५ मध्ये मंजुळा आली, हा मराठी रंगभूमीवरील मोठाच योगायोग म्हटला पाहिजे. बर्नार्ड शॉ यांच्या १९१३ साली प्रथम रंगमंचावर आलेल्या 'पिग्मॅलिअन'चे पु. ल. देशपांडे यांनी 'ती फुलराणी' हे मराठी रूप सिद्ध केले. फुले विकणाऱ्या एका गावंढळ मुलीला शिष्टांची भाषा शिकवून दाखविण्याचा विडा एक भाषाशास्त्रज्ञ उचलतो, ही त्याची कथा. प्राध्यापकाच्या भूमिकेत सतीश दुभाषी होते. शुद्ध उच्चार हीच जिची ओळख, त्या निवेदिकेने अशुद्ध ठरविल्या गेलेल्या भाषेची बाजू घेऊन उभे राहायचे होते. भक्ती बर्वे यांनी मंजुळेच्या बोलीची टवाळी केली नाही. प्रेक्षक प्रारंभी त्या बोलीला हसत, परंतु अपमानित मंजुळा सूडाची स्वप्ने रंगवू लागली की त्या हसण्याचा रोख हळूहळू प्राध्यापकाकडे वळे. भाषा बदलली म्हणजे माणूस वर चढतो काय, आणि चढला तर त्याने मागे काय टाकले, हा शॉ यांचा प्रश्न मराठी प्रेक्षकाला आपला वाटला, याचे मोठे श्रेय या अभिनयाकडे जाते.

पुढे प्रिया तेंडुलकर, सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष यांनीही फुलराणी साकारली. तरी तुलनेचा मापदंड भक्ती बर्वे हाच राहिला. मात्र एका भूमिकेचे असे यश नटाला जखडूनही ठेवते. 'अजब न्याय वर्तुळाचा', 'आई रिटायर होतेय', 'गांधी विरुद्ध गांधी' ही नाटके, दूरदर्शनवर साकारलेली बहिणाबाई आणि 'जाने भी दो यारो' (१९८३) हा चित्रपट यांतून त्यांच्या कलेचा विस्तार दिसतो. घरासाठी राबून थकलेली आई, महात्म्याच्या छायेत राहूनही आपले म्हणणे सोडून न देणारी कस्तुरबा, खानदेशी बोलीत जगाचे मर्म सांगणारी निरक्षर कवयित्री, या साऱ्याजणी मंजुळेच्याच नात्यातल्या. ज्यांचे बोलणे कोणी फारसे मनावर घेत नाही अशा स्त्रियांना त्यांनी वाणी दिली. संगीत नाटक अकादमीने १९९० मध्ये त्यांचा गौरव केला.

त्यांचे पती, अभिनेते शफी इनामदार १९९६ मध्ये निवर्तले. १२ जून २००० रोजी पु. ल. गेले. त्यानंतर बरोबर आठ महिन्यांनी, १२ फेब्रुवारी २००१ रोजी, वाईहून मुंबईला परतताना द्रुतगती मार्गावर भाताण बोगद्याजवळ झालेल्या मोटार अपघातात भक्ती बर्वे यांचा अंत झाला. १९८० मध्ये शांता जोग आणि जयराम हर्डीकर, १९८४ मध्ये अरुण सरनाईक यांनाही रस्त्यावरील अपघातांनीच ओढून नेले होते. दौऱ्यांवर जगणाऱ्या रंगभूमीने ही किंमत वारंवार मोजली आहे.

मंजुळेचा प्रश्न मात्र त्यांच्याबरोबर संपलेला नाही. भातसानगरच्या धरणातून मुंबईला पाणी जाते आणि मुंबईची प्रमाण भाषा पाठ्यपुस्तकांतून व पडद्यावरून उलट दिशेने शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर येते. तेथील ठाकर, कातकरी वा कुणबी घरातले मूल शाळेत पहिल्यांदा तोंड उघडते, तेव्हा त्याला पुष्कळदा मंजुळेचाच अनुभव येतो. प्रमाण भाषा त्याने शिकलीच पाहिजे. तिच्यावाचून कचेरीचे आणि न्यायालयाचे दार उघडत नाही. परंतु ती शिकण्यासाठी आईच्या बोलीची लाज बाळगण्याची अट असू नये. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या दर्जाच्या अभिमानात या बोलींना स्थान नसेल तर तो अभिमान अपुरा आहे. बातमीपत्राची भाषा आणि फुलवालीची भाषा या दोन्ही एकाच जिभेवर सारख्याच सन्मानाने नांदू शकतात, हे भक्ती बर्वे यांनी सिद्ध करून दाखविले होते. आता ते शाळांनी दाखवावयाचे आहे.